खोली तीनचा आवाज

आमच्या बंगल्यातला कॉम्प्युटर पंधरा दिवसांच्या नोंदी ठेवतो. कुठल्या खोलीत कुठलं गाणं किती वाजता लागलं, आवाज कुणी किती वाढवला, कुणी कमी केला, हे एका फाइलमध्ये ओळीने लिहिलं जातं, आणि सोळाव्या दिवशी दुपारी बारा वाजता जुन्या ओळी आपोआप पुसल्या जातात. तसं मीच ठरवून ठेवलं होतं, जागा वाचावी म्हणून.

नऊ फेब्रुवारीच्या रविवारची त्यातली एक ओळ मला पाठ आहे.

१५:४२:०८ – खोली ३ – आवाज ४५ वरून ८० – मुख्य.

'मुख्य' म्हणजे जिन्याखालचा कॉम्प्युटर. म्हणजे मी. पाहुण्याने स्वतःच्या फोनवरून आवाज वाढवला असता, तर तिथे 'पाहुणा' असं आलं असतं. त्या दिवशी खोली तीनमध्ये उतरलेल्या विनिताला फक्त एवढंच हवं होतं, की त्या ओळीच्या शेवटी कुठला शब्द आहे.

पळसदरीला सासऱ्यांच्या भातशेताच्या वरच्या अंगाला आम्ही चार वर्षांपूर्वी हा बंगला बांधला. शनिवार-रविवार भाड्याने देतो. माझा नवरा प्रवीण साजगावच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. मी खोपोलीला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, ते सोडून बंगला बघायला लागले. तीन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर, बाजूला पोहण्याचा लहान तलाव. तलावाला कमरेएवढं कुंपण आणि कडीचं फाटक.

सुरुवातीला एकच मोठा स्पीकर होता आणि त्यावरून पाहुण्यांची भांडणं व्हायची. पोरांना एक हवं असायचं, म्हाताऱ्यांना दुसरं. मग मी माझा जुना कॉम्प्युटर जिन्याखाली बसवला, त्याला चार स्वस्त साउंड कार्डं लावली आणि एकेकातून एकेक वायर खोल्यांच्या छतातल्या स्पीकरपर्यंत नेली. चौथी व्हरांड्याला. खोलीतलं चौकोनी चित्र फोनने स्कॅन केलं की त्या खोलीचं पान उघडतं, आणि ज्याला जे हवं ते त्याच्या खोलीत वाजतं. एका यंत्रातून एकाच वेळी चार ठिकाणी चार वेगळी गाणी. पाहुणे आले की मी हे सगळं समजावून सांगायचे, नोंदींचंसुद्धा. सांगायला मला आवडायचं.

अडचण रस्त्याची होती. आमच्या फाटकासमोरचा रस्ता पुढे ओढ्याकाठच्या स्मशानात जातो. इकडे प्रेत जाताना दारातली गाणी बंद करतात. घरातली माणसं रस्त्यावर येऊन हात जोडतात, आणि तिरडी पुढे गेली की सासूबाई तांब्याभर पाणी दाराबाहेर ओततात. दोन वर्षांपूर्वी अशीच एक यात्रा आली तेव्हा मी सगळ्या खोल्यांतलं संगीत बंद केलं. काय झालं बघायला पाहुणे बाहेर आले. आत एका मुलीचा वाढदिवस चालला होता. तासाभरात त्यांनी सामान भरलं आणि वेबसाइटवर लिहिलं, की इथे दारातून मढी जातात. त्या महिन्यातली तीन बुकिंग रद्द झाली.

"मढं काय दुसऱ्या रस्त्यानं न्यायचं काय रं त्येंच्यासाठी?" सासरे म्हणाले.

"न्या की, बाबा," प्रवीण म्हणाला. "पाहुण्यांना कळू नये, एवढंच."

ते मी सोडवलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक बटण केलं आणि त्याला 'रस्ता' नाव दिलं. ते दाबलं की व्हरांडा पूर्ण बंद, आणि ज्या खोलीत काही वाजत असेल तिथला आवाज ऐंशीपर्यंत वर. म्हणजे बाहेर शांतता आणि आत रडण्याचा आवाज पोचणार नाही. पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप होतं तसं. त्या दिवसाआधी मी ते अकरा वेळा वापरलं होतं. एकदाही बिघडलं नव्हतं, एकाही पाहुण्याच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या रविवारी बाराव्या वेळी वापरलं.

पाहुणे कल्याणचे होते. विनिता, तिचा नवरा, त्यांचा साडेचार वर्षांचा स्वराज, तिच्या सासूबाई, मोठा दीर आणि त्याच्या दोन कॉलेजातल्या मुली. जेवणं झाल्यावर दोघे भाऊ धरणाकडे फिरायला गेले. पहिल्या खोलीत मुलींची जोरात गाणी चालली होती. दुसऱ्या खोलीत तिच्या सासूबाईंनी सकाळी अभंग लावले होते, ते बंद करून त्या आडव्या झाल्या होत्या. विनिताचं डोकं दुखत होतं. स्वराजला व्हरांड्यात गाड्या मांडून देऊन, मुलींना लक्ष ठेवायला सांगून ती तिसऱ्या खोलीत पडली. आत तिने जुनी संथ गाणी लावली होती, पंचेचाळीसवर.

त्याच दिवशी सकाळी नवनाथकाका गेले होते. सासऱ्यांचे चुलत भाऊ. सासरे आणि प्रवीण सकाळपासून तिकडेच होते. पाहुणे असल्यामुळे आम्ही बायका बंगल्यावर थांबलो होतो. पावणेचारच्या सुमारास वळणावर माणसं दिसली. मी बटण दाबलं आणि बाहेर गेले. सासूबाई तांब्या घेऊन आल्या. आमची नऊ वर्षांची अक्षदा आली. मागे भांडी घासत असलेल्या आमच्या कामवाल्या कोंडीला सासूबाईंनी हाक मारून बोलावून घेतलं.

सखा तलावाजवळच्या खुर्चीवर होता. तो ठाकुरवाडीचा. शनिवार-रविवार त्या खुर्चीवर बसणं हेच त्याचं काम. त्याआधी वीस वर्षं त्याने नवनाथकाकांच्या शेतात काढली होती. तिरडी फाटकासमोर आली तेव्हा सासऱ्यांनीच त्याला आवाज दिला.

"सखा, ये रं. तुजा मालक चाल्ला. खांदा दे."

सखा धावत आला. तलावाच्या फाटकाची कडी लावायची राहिली.

आम्ही हात जोडून उभ्या होतो, तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. पुढच्या वळणावर खांदे बदलले. तिरडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं असतं, म्हणून थांबलो. सासूबाईंनी पाणी ओतलं. मग शेजारच्या दोघी-तिघींशी, काका कसे गेले, रात्री काय खाल्लं होतं, असं बोलणं झालं. मी आत वळले तेव्हा खोल्यांतला आवाज नुकताच आपोआप खाली आला होता. बरोबर पंधरा मिनिटं. ते माझ्या लक्षात आलं आणि मला समाधान वाटलं, हेही खरं आहे.

त्यानंतर दिराच्या धाकट्या मुलीची किंकाळी आली.

सखाने स्वराजला बाहेर काढलं. कडी राहिल्याचं आठवून सखा अर्ध्या वाटेवरून पळत आला होता, पांढरी टोपी हातात धरून, तसाच पाण्यात उतरला. कर्जतच्या दवाखान्यात नेलं. तिथे काही करण्यासारखं राहिलं नव्हतं.

पोलिसांनी संध्याकाळी जबाब घेतले. सखाने सांगितलं, कडी माझ्याकडून राहिली. विनिताच्या दिराने त्याला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत मारल्या. तो हलला नाही. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली. त्यानंतर व्हरांड्यात विनिताच्या सासूबाई बोलल्या, फार मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"पोर बाहेर, आणि ही आत गाणी लावून झोपली. एवढी मोठी, की भिंतीपलीकडे मी दचकून उठले. म्हटलं, डोकं दुखतंय ना हिचं? कसलं डोकं!"

विनिता खाली बसली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी पोलिसांसाठी चहा आणायला आत गेले.

आत मोरीपाशी कोंडी उभी होती. "वयनी," ती म्हणाली, "मी हाक ऐकली व्हती."

"कसली?"

"पोराची. मी हात धुवून बाहेर यायला निगाले, तवर सखा गेला व्हता. 'मम्मी, बघ ना.' दोनदा म्हनला. तळ्याच्या त्या पायरीवर चडला व्हता. मला वाटलं, खेळतंय. त्येची आय हाय ना आत, ती येल. मी गेले रस्त्यावर."

"पोलिसांना सांगितलंस?"

"त्यांनी इचारलं कुटं? भांडी घासत व्हते का इचारलं. हो म्हनलं."

सहाव्या दिवशी विनिताचा फोन आला. आमच्याकडे काकांचं सुतक चालू होतं, बंगला बंद होता. मी जिन्याखालच्या खोलीत बसले होते आणि फाइल समोर उघडीच होती. त्या दिवसांत ती बहुतेक वेळ उघडीच असायची.

"ताई, मी विनिता बोलतेय." तिचा आवाज सपाट होता. "तुम्ही आल्या दिवशी सांगितलं होतं, आवाज कुणी वाढवला ते तुमच्याकडे लिहिलं जातं. अजून असेल ना?"

"असेल."

"मी अगदी हळू लावलं होतं हो. मला आठवतंय. मग झोपेत कधीतरी वाटलं, आवाज वाढला. फोन माझ्या हाताखालीच होता. माझाच हात लागला असेल. आई म्हणतात, तूच वाढवलास. हेही तसंच म्हणतात, म्हणजे म्हणत नाहीत, पण बोलत नाहीत माझ्याशी." ती थोडी थांबली. "मलाही आता तसंच वाटायला लागलंय. रोज आठवते तेव्हा माझा हात थोडा जास्त हललेला दिसतो. तुम्ही फक्त बघून सांगा, मी वाढवला का."

"बघून सांगते," मी म्हणाले.

दोन दिवसांनी तिचा पुन्हा फोन आला. मी उचलला नाही. त्यानंतर तिने केला नाही.

प्रवीणला मी ओळ दाखवली. त्याने ती वाचली आणि खुर्ची मागे सरकवली.

"हे पंधरा दिवसांनी आपोआप जातं ना?"

"चोवीस तारखेला. दुपारी बाराला."

"मग तुला काय करायचंच नाय. फक्त काय करू नको."

"अहो, ती स्वतःला दोष देतेय."

"आणि आपल्याला देणारे कमी हायत काय?" तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "केस बंद झालीय, सुप्रिया. परत उघडली तर पयला कुणाला आत घेतील? तुला? मला? सखाला घेतील. खुर्ची त्याची, कडी त्याची. त्याच्या बायकोला तू काय सांगशील?"

हे बरोबर होतं. त्याचं म्हणणं चुकीचं ठरवता येईना, म्हणून मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते दारासमोर व्हरांड्याच्या कठड्यावर बसून ऐकत होते. काकांचं दुःख आणि हे, दोन्ही मिळून ते आठवड्यात म्हातारे झाले होते.

"खोटं बोलू नको, सूनबाई," ते म्हणाले. "पन कुनी सांगितलंय, बोलच म्हनून? इचारलं तर सांग. नाय इचारलं तर गप ऱ्हा."

"विचारलंय, बाबा. तिनेच विचारलंय."

ते उठून शेताकडे गेले.

मला एक आशा होती, आणि ती मला शास्त्रीय वाटत होती. तिसऱ्या खोलीची खिडकी बंद होती, दार बंद होतं, भिंत नऊ इंची. कदाचित पंचेचाळीसच्या आवाजातही तलावाच्या पायरीवरची हाक आत ऐकू येत नसेल. तसं असेल तर त्या ओळीचा काही अर्थच नाही. मग ती पुसली गेली काय आणि राहिली काय.

अठरा तारखेला अक्षदा शाळेतून आल्यावर मी तिला तलावाच्या कुंपणाबाहेर, पायरीच्या रेषेत उभं केलं. तिला एक घड्याळ आणि कागद दिला. सांगितलं, पंधरा मिनिटांत तुला वाटेल तेव्हा दहा वेळा हाक मार, आणि प्रत्येक वेळी मिनिट-सेकंद लिही. ओरडायचं नाही, हाक मारतो तशी मारायची.

"काय म्हणून?"

"'मम्मी, बघ ना,' असं म्हण."

"मी तर तुला आई म्हणते."

"आज मम्मी म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला कळतं. पण तिने विचारलं नाही, कागद घेतला.

मी तिसऱ्या खोलीत विनिता पडली होती तिथे पडले, तेच गाणं लावलं, आवाज पंचेचाळीस. डोळे मिटले. हाक ऐकू आली की डोळे उघडून वेळ लिहायची. पंधरा मिनिटांनी ऐंशीवर तेच पुन्हा केलं. मग दोघींचे कागद शेजारी ठेवले.

पंचेचाळीसला तिने मारलेल्या दहा हाकांपैकी नऊ माझ्या कागदावर होत्या. ऐंशीला एकही नव्हती. मी तिला परत पाठवलं, जरा जोरात मार म्हटलं. पुन्हा एकही नाही. मी जागी होते आणि विनिता झोपली होती, हा फरक प्रयोगात राहिलाच, पण तो मोजायचा कसा, मला माहीत नव्हतं.

अक्षदा दारात उभी होती. तिचा घसा बसला होता.

"आई, तू ओ का देत नव्हतीस गं?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं, की ओ द्यायची असं ठरलंच नव्हतं.

"तरी पण," ती म्हणाली.

तेवीस तारखेला, रविवारी, विनिताच्या नवऱ्याचा प्रवीणला फोन आला. जिथे स्वराज गेला तिथे त्यांना नारळ आणि फुलं ठेवायची होती. नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. दुपारी तीनच्या सुमाराला ते आले, विनिता, तिचा नवरा आणि तिच्या सासूबाई. सखाने तलाव आदल्या आठवड्यातच रिकामा केला होता. तळाच्या निळ्या फरशीवर पाचोळा साचला होता. सखा त्या दिवशी आला नाही, प्रवीणनेच त्याला येऊ नको म्हणून निरोप पाठवला होता. सासरे-सासूबाई काकांच्या घरी होते, अक्षदाला बरोबर घेऊन गेले होते. आम्ही दोघं आणि स्वयंपाकघरात कोंडी.

त्यांनी पायरीवर नारळ ठेवला, शेवंतीची फुलं ठेवली. विनिताने पिशवीतून एक छोटी लाल गाडी काढली आणि नारळाशेजारी ठेवली. मग तिच्या नवऱ्याने ती उचलून पुन्हा पिशवीत टाकली.

चहा नको म्हणाले. फाटकाकडे निघता निघता विनिता माझ्याजवळ थांबली. पंधरा दिवसांत ती खूप वाळली होती. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकत होत्या.

"ताई, बघितलंत का?"

"आता काय बघायचं राहिलंय?" मागून तिच्या सासूबाई म्हणाल्या. "कॉम्प्युटर काय पोर परत देणारेय? चल."

प्रवीण पुढे झाला. "वहिनी, त्या नोंदी पुसल्या जातात. काही राहत नाही त्यात. मीच बघितलं."

विनिताने मान हलवली. तिला जणू हेच अपेक्षित होतं. ती वळली.

"उद्या दुपारी बाराला पुसली जाईल," मी म्हणाले. "अजून आहे."

मी जिन्याखाली गेले. पाहुण्यांच्या आधारकार्डांच्या प्रती काढायला आम्ही तिथे प्रिंटर ठेवला आहे. प्रवीण माझ्यामागे आला आणि दारात उभा राहिला.

"सखाचा तरी विचार कर."

"सखाने काय केलं ते सखाने त्याच दिवशी सांगितलं," मी म्हणाले. "मी काय केलं ते मी अजून कुठं सांगितलंय?"

त्याने मला अडवलं नाही. कागद बाहेर येईपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहिला.

व्हरांड्यात मी तो कागद विनिताच्या हातात दिला आणि ओळीवर बोट ठेवलं. 'मुख्य' म्हणजे काय ते सांगितलं. बटण कशासाठी केलं होतं ते सांगितलं. वेळ सांगितली. तिचा नवरा ऐकत होता.

"म्हणजे आम्हाला मयत दिसू नये म्हणून?" तो म्हणाला.

"ऐकू येऊ नये म्हणून."

"आणि हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नाहीत."

"नाही."

"सही करा याच्यावर. आत्ता." त्याने खिशातलं पेन माझ्यासमोर धरलं.

"साहेब, बसून बोलू," प्रवीण म्हणाला, पण तोपर्यंत मी सही केली होती. खाली तारीख आणि वेळही लिहिली.

विनिता कागद परत मागून घेऊन पुन्हा वाचत होती. ओळीवरून बोट फिरवत होती, एकदा, दोनदा.

"म्हणजे माझा हात नव्हता लागला."

"नाही."

"नक्की?"

"नक्की. तुमच्या फोनवरून त्या दुपारी दोनच्या आधी शेवटचा स्पर्श आहे. तेव्हा तुम्ही आवाज कमी केला होतात."

तिच्या खांद्यांत काहीतरी सैल झालं. ती खुर्चीवर बसली. तिच्या सासूबाई दुसरीकडे बघत होत्या. आणि तिथेच थांबायला हवं होतं. जे ती मागायला आली होती ते तिला मिळालं होतं.

"तसं हळू असतं तरी काय कळणार होतं मला," विनिता म्हणाली. ती स्वतःशीच बोलत होती, जवळजवळ शांतपणे. "पाण्यात पडल्यावर मुलं ओरडत नाहीत म्हणे. डॉक्टर म्हणाले, आवाजच निघत नाही. म्हणजे कुणालाच नसतं कळलं. हो ना, ताई?"

हो म्हणायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले ते खरंच होतं. पण मी पंधरा दिवस अर्धी माहिती दडवून बसले होते आणि आता एकही आकडा दडवायचा नाही असं ठरवून बाहेर आले होते.

"मी मोजून बघितलं," मी म्हणाले. "पंचेचाळीसला दहातल्या नऊ हाका आत ऐकू येतात. ऐंशीला एकही येत नाही."

विनिताने वर पाहिलं.

"कुठल्या हाका?"

मला तेव्हा कळलं, की पोलिसांच्या जबाबात ते नव्हतं, त्यांच्या घरी ते कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त आमच्या मोरीपाशी बोललं गेलं होतं. मी न ठरवता स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कोंडी चौकटीला धरून उभी होती.

"त्याने हाक मारली होती?" विनिता उठली. "पडायच्या आधी? मला?"

"वयनी, मी नाय बोलले..." कोंडी मागे सरकली.

"हिने ऐकलं? हिने ऐकली?"

"विनिता, चल आता," तिचा नवरा म्हणाला. "चल. नको विचारू."

विनिता कोंडीसमोर जाऊन उभी राहिली. कोंडीने हात पदरात गुंडाळून घेतले, मान खाली घातली. ती रडत होती. "मला वाटलं, खेळतंय, बाय. देवाशप्पत. मला वाटलं, तुमी येनार."

"काय म्हणाला?"

कोंडी नुसती मान हलवत राहिली. तेव्हा मागून विनिताच्या सासूबाई पुढे आल्या. आता या आणखी काय बोलणार, असं मला वाटलं. त्यांनी विनिताचा दंड धरला. ओढायला नव्हे, नुसता धरला.

"सांग बाई तिला," त्या कोंडीला म्हणाल्या. "तिचं आहे ते. तिला ऐकू दे."

"'मम्मी, बघ ना' म्हनला," कोंडी हळू म्हणाली. "पायरीवर चडून. हसत व्हता."

"असंच म्हणतो तो," विनिता म्हणाली. "एकदाच?"

"दोनदा. एकदा म्हनला. मंग थांबला जरा. वाट बघत आसंल. मंग परत म्हनला."

"किती थांबला?"

कोंडीला सेकंदांत सांगता येण्यासारखं ते नव्हतं. मान वर करून ती विनिताकडे बघत तशीच उभी राहिली. विनिताचा नवरा कागद हातात धरून उभा होता. प्रवीण उभा होता. सासूबाईंनी दंड सोडला नव्हता. खूप वेळ कुणी काही बोललं नाही.

मग कोंडी म्हणाली, "एवडा येळ."